‘म्हणे’चा लोप : लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि प्रकाश-ध्वनीचे निवेदन

लोणारच्या सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या जतन-विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात चार सुशिक्षित माणसे एकत्र बसली की एक सूचना हटकून पुढे येते : दैत्यसूदनाच्या देवळावर रात्री ‘लाइट अँड साउंड शो’ व्हावा. ही सूचना करणारांत आमचे काही सहकारी आहेत आणि पुष्कळसे विद्यार्थीही आहेत. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. देऊळ गावाच्या मध्यभागी आहे, शिल्पकाम उत्तम आहे, तरीही येणारा मनुष्य सरोवराच्या काठावरून एक छायाचित्र घेतो, देवळात पाच मिनिटे डोकावतो आणि निघून जातो, ही खंत खरीच आहे.

प्रस्तुत लेखात या सूचनेच्या खर्चाचा अथवा पर्यटनाच्या लाभालाभाचा विचार करावयाचा नाही. तो ज्यांच्या अधिकारातील आहे त्यांनी करावा. माझा विषय भाषा हा आहे, आणि माझा प्रश्नही भाषेपुरताच आहे. अशा कार्यक्रमांत देवळाविषयी जे बोलले जाते ते कोणत्या व्याकरणात बोलले जाते, आणि ते व्याकरण देवळाविषयीच्या आपल्या ज्ञानाशी प्रामाणिक राहू शकते काय?

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली फ्रान्समधील शाँबोर येथील राजवाड्यावर पॉल रोबेर-उदँ यांनी पहिला ‘सों ए ल्युमियेर’ घडवून आणला. हे गृहस्थ त्या वाड्याचे व्यवस्थापक होते आणि एकोणिसाव्या शतकातील प्रख्यात जादूगार रोबेर-उदँ यांच्या घराण्यातले होते, ही गोष्ट केवळ गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पुढे अथेन्सचा अक्रोपोलिस, गीझाचे पिरॅमिड असा प्रवास करीत हा प्रकार १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात पोचला. या पहिल्या पिढीतील कार्यक्रमात दिवे भिंतीवर पडत असत, आणि प्रेक्षकाला दिसे ती भिंतच. एक कमान उजळे, दुसरी मावळे, आणि मधल्या अंधारात आवाज ऐकू येई. अलीकडच्या पिढीत मात्र प्रक्षेपक यंत्र इमारतीच्या प्रत्येक कोनाकंगोऱ्याचे मोजमाप घेऊन तीवर हलते चित्र चढविते. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरावर ऑक्टोबर २०२२ पासून असा कार्यक्रम होतो. माँट्रिअलच्या नोत्रदाम चर्चमध्ये तो २०१७ पासून चर्चच्या आतच होतो, तेथे प्रेक्षक चोहोबाजूंनी, छतापासून वेदीपर्यंत, प्रकाशाने व नादाने वेढला जातो. भिंत येथे पडद्याचे काम करते. जुन्या पिढीत दगड पाहणाऱ्याला ‘हा दगड, आणि ही त्याविषयीची गोष्ट’ असा भेद करता येत होता. नव्या पिढीत गोष्ट दगडावरच लिंपली जाते आणि वेढलेल्या प्रेक्षकाला बाहेर उभे राहण्यास जागा उरत नाही.

तंत्र बदलले, परंतु निवेदन फारसे बदललेले नाही. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरील एका स्थळी असा कार्यक्रम पाहताना प्रस्तुत लेखकाने अंधारात चाचपडत त्याचे निवेदन वहीत टिपून घेतले. (शेजारच्या गृहस्थांना मी हिशेब लिहीत आहे असे वाटले असावे, कारण त्यांनी मध्येच तिकिटाचा दर विचारला.) दुसऱ्या दिवशी वाक्ये ताडून पाहिली तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की इमारत प्रथमपुरुषी बोलत होती. ‘मी पाहिले आहे’, ‘माझ्या अंगणात घडले’, ‘मी साक्षी आहे’ अशा वाक्यांनी सारे निवेदन भरले होते. दुसरी अशी की सुमारे पाऊण तासाच्या मराठी बोलण्यात ‘म्हणे’ हा शब्द एकदाही आला नव्हता, ‘असावा’, ‘असावी’, ‘असावे’ ही रूपेही आली नव्हती. पाऊण तास भूतकाळाविषयी मराठीत बोलावे आणि ‘म्हणे’ येऊ नये, हे आपल्यापैकी कोणालाही घरी जमणार नाही.

‘म्हणे’ या शब्दाकडे आमच्या व्याकरणांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. रूपाने तो ‘म्हणणे’ या धातूचाच आहे, पण वाक्यात तो क्रियापदाचे काम सोडून अव्ययासारखा वावरतो. त्याला कर्ता लागत नाही, वचन-पुरुषाचा विकार होत नाही, आणि तो वाक्यात कोठेही बसू शकतो. पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘विष्णूने लवणासुराला मारले.’ ‘विष्णूने म्हणे लवणासुराला मारले.’ ‘विष्णूने लवणासुराला मारले असावे.’ पहिले वाक्य भक्ताचे, पुराणिकाचे अथवा नाटकातल्या पात्राचे होऊ शकते. दुसरे लोणारच्या कोणत्याही रहिवाशाच्या तोंडी सहज येईल. तिसरे मात्र कानाला खटकते, एवढेच नव्हे तर हास्यास्पद वाटते. जणू काय बोलणाऱ्याने पंचनामा केला आहे! आता वाक्याचा विषय बदलून पाहावा. ‘हे देऊळ म्हणे बाराव्या शतकातले’ आणि ‘हे देऊळ बाराव्या शतकातले असावे’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. पहिला बोलणारा ऐकून सांगतो. दुसरा खांबांची घडण, अधिष्ठानाचे थर, शिल्पांची धाटणी पाहून अनुमान करतो.

म्हणजे मराठी वाक्य ज्ञानाचा उगम कोठला, हे एका लहानशा शब्दाने नोंदवून ठेवते. आमच्या नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर साधा भूतकाळ प्रत्यक्षाच्या किंवा निश्चयाच्या बाजूस झुकतो, विध्यर्थातील ‘असावे’ अनुमानाच्या बाजूस, आणि ‘म्हणे’ हा ऐतिह्याचा, म्हणजे ज्याचा मूळ वक्ता सांगता येत नाही अशा परंपरेचा, वाचक ठरतो. ऐतिह्य हे स्वतंत्र प्रमाण मानावे की शब्दप्रमाणात घालावे याविषयी शास्त्रकारांत मतभेद होते, पण त्याला वेगळे नाव द्यावे याबद्दल नव्हते. ‘म्हणे’मध्ये कधी अविश्वास असतो, कधी थट्टा, कधी नुसतेच कौतुक. ते सुरावर ठरते. पण ‘हे मी पाहिलेले नाही’ एवढी कबुली त्यात नेहमी असते. प्रथमपुरुषी बोलणाऱ्या इमारतीला ही कबुली देताच येत नाही. तिने सर्वच पाहिलेले असते.

इमारतीला बोलके करणे ही काव्यातली जुनी रीत आहे आणि तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु मराठी दगड जेव्हा प्रत्यक्ष बोलला तेव्हा तो कसा बोलला, हेही आठवावे. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातील ‘करवियले’ हे प्रयोजक क्रियापद आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. तेथे मूर्ती ‘मी’ म्हणत नाही. कोणी करविले त्याचे नाव तृतीयपुरुषी येते, आणि ‘करविले’ या प्रयोजकामुळे घडविणारा हात वेगळा होता याचीही जाणीव राहते. एका क्रियापदात केवढा हा विवेक!

आता दैत्यसूदनाकडे वळू. हे देऊळ या प्रश्नाच्या परीक्षेसाठी विशेष उपयुक्त आहे, कारण त्याविषयीची आपली माहिती सर्व प्रकारच्या प्रमाणांची सरमिसळ आहे. देऊळ आज समोर उभे आहे. त्याचे तलविन्यास ताऱ्यासारखे कोन काढीत गेले आहे, बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरल्या आहेत, मंडपाच्या छतावर पुराणकथांचे पट कोरले आहेत, आणि वरचा भाग अपुरा दिसतो. हे सर्व प्रत्यक्ष. शिखर कसे होते, किंवा ते पुरे झालेच होते काय, हे अनुमान. सध्याची मूर्ती मूळची नसून नागपूरकर भोसल्यांच्या काळी बसविलेली आहे, ही गॅझेटिअरमधील नोंद, म्हणजे नाव-गाव असलेला शब्द. आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन लवणासुराला त्याच्या बिळातून बाहेर काढले, बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले, ते दूर जाऊन पडले त्याची टेकडी झाली, हे ऐतिह्य. येथे ‘म्हणे’ हवाच.

एवढ्यावर प्रकरण थांबत नाही. ‘लोणार’ हे नाव लवणासुरावरून पडले असे निवेदनात हमखास येते. भाषाशास्त्र याच्या उलट दिशेने पाहण्यास सांगते. संस्कृत ‘लवण’पासून प्राकृत ‘लोण’ हा बदल नियमित आहे, आणि त्याच ‘लोणा’ची साक्ष आपल्या ‘लोणच्या’त रोज मिळते. (‘लोणी’ मात्र नवनीताचे, त्याचा येथे संबंध नाही, विद्यार्थी दरवर्षी हा घोटाळा करतात.) सरोवर खारे आहे, त्याच्या क्षारांचा व्यापार मोगलकाळापासून नोंदलेला आहे, तेव्हा स्थळाला मिठाचे नाव पडणे स्वाभाविक होते. मग स्थळाच्या नावातून असुराचे नाव निघाले, की पुराणातला लवणासुर नावाच्या साधर्म्याने येथे आणून बसविला गेला? मला पहिल्यापेक्षा दुसरी शक्यता अधिक पटते, पण तेही ‘असावे’च. ज्या निवेदनात ‘असावे’ नाही त्यात हा सगळा विचार एका वाक्यात चिरडला जातो : ‘लवणासुरावरून या गावाला लोणार हे नाव मिळाले.’

तीच गोष्ट ‘हेमाडपंती’ या शब्दाची. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. त्याच्या जन्मापूर्वीची कितीतरी देवळे लोकांनी त्याच्या खात्यावर मांडली आहेत. ‘हेमाडपंती’ हे आज एका बांधणीचे नाव आहे, बांधणाऱ्याचे नव्हे. पण प्रक्षेपकाला विशेषण दाखविता येत नाही, त्याला मनुष्यच दाखवावा लागतो. म्हणून पगडी घातलेला हेमाद्रिपंडित भिंतीवर हातात नकाशा घेऊन प्रकट होण्याची भीती आहे. शब्दाचे रूपांतर दृश्यात झाले की त्यातला लाक्षणिक अर्थ गळून पडतो आणि वाच्यार्थ तेवढा उरतो. अनुवादाच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे लक्ष द्यावे.

सरोवराचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. उल्कापाताने झालेल्या या विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे, असे पुष्कळ वर्षे पुस्तकांत छापले जात होते. पुढे आर्गॉन पद्धतीने झालेल्या कालमापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दहापटीहून अधिक फरक! पुस्तक पुढच्या आवृत्तीत सुधारते, अध्यापक पुढच्या तासाला सुधारतो, देवळातला पुजारीही कोणी सांगितले तर ‘आता म्हणे पाच लाख म्हणतात’ असे जोडून देतो. धीरगंभीर आवाजात, वाद्यवृंदासह, एकदा ध्वनिमुद्रित झालेले ‘बावन्न हजार वर्षांपूर्वी’ मात्र ठेका संपेपर्यंत रोज संध्याकाळी तेच बोलत राहते. गोवळकोंडा आणि खजुराहो ही दोन स्थळे देशाच्या दोन भागांतली, दोन धर्मांच्या आणि दोन काळांच्या राजवटींची. तरी दोन्हींच्या कार्यक्रमांत अमिताभ बच्चन यांचाच आवाज वापरला गेला. आवाज थोरच आहे, त्याला कोण नावे ठेवील? पण एकाच खात्रीने दोन्ही बोलू लागली की ऐकणाऱ्याला त्या खात्रीचे मोल कळेनासे होते.

येथे आमच्याच जिल्ह्यातील एका विद्वानाचे आणि आमच्याच भाषेतील एका ग्रंथाचे स्मरण करणे आवश्यक आहे. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभावांची ‘स्थानपोथी’ संपादिली. चौदाव्या शतकातला हा गद्यग्रंथ चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले त्या स्थळांची नोंद करतो. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, अंगण कोठे, पटिशाळा कोणत्या बाजूस, स्वामींचे आसन कोणत्या कोपऱ्यात, हे त्यात रुक्ष वाटावे इतक्या नेमकेपणाने येते. वर्णनाचा फुलोरा नाही, भक्तीचा उमाळाही वाक्यात उतरू दिलेला नाही. हा ग्रंथ स्थळाचे ‘सादरीकरण’च करतो, पण तो पाहणाऱ्याला चालत नेतो आणि योग्य जागी उभा करून गप्प बसतो. पुढचे ज्याचे त्याने करावयाचे. स्वामी लोणारला राहिले होते आणि यादव राजा कान्हरदेव त्यांना तेथे भेटला, असे लीळाचरित्र सांगते. महानुभाव यात्रेकरू लोणारला येतो तो या आठवणीसाठी येतो, लवणासुरासाठी नव्हे. एकाच गावात, एकाच रात्री, एकाच आवाजातल्या निवेदनात त्याच्यासाठी किती वाक्ये ठेवली जातील? त्याची आठवण भिंतीवर चित्र होऊन दिसण्यासारखीही नाही. ती एका कोपऱ्याची आहे, आणि तो कोपरा रिकामा आहे.

प्रकाशाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण देवळाला प्रकाश नवा नाही. दीपमाळ, समई, काकडआरती, त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या ही सगळी रात्रीच्या देवळाचीच व्यवस्था आहे. गाभारा काळोखा ठेवला जातो तो उजेड तेथे यावा म्हणून. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीचे किरण पायांपासून चढत मुखापर्यंत जातात, हे सर्वश्रुत आहे. दैत्यसूदनाच्या देवळातही मे महिन्याच्या मध्यास काही दिवस सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोचतात, आणि तेथेही त्याला किरणोत्सवच म्हणतात. त्याच सुमारास लोणारच्या अक्षांशावर सूर्य माथ्यावर येतो. वर उल्लेखिलेले मोढेऱ्याचे मंदिर तर विषुवदिनाच्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून बांधलेले. हा उजेड वर्षातून मोजके दिवस येतो, ढग आले तर येत नाही, आणि त्याची वाट पाहावी लागते. ‘येईल’, ‘यावा’, ‘आला’ असे तिन्ही अर्थ त्यात आहेत. रोज साडेसातला लागणाऱ्या प्रकाशात फक्त एकच.

तथापि या तंत्राचा सर्वथा निषेध करावा असे माझे मत नाही. गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांसह लोणारला गेलो असता मंडपाच्या छतावरील शिल्पपट कोणालाच नीट दिसेनात. तेव्हा देवळातल्या एका वृद्ध गृहस्थांनी विजेरी तिरपी धरली. तिरप्या उजेडात प्रत्येक आकृतीच्या कडेला सावली पडली आणि सपाट वाटणारा दगड एकदम उठून आला. विजेरी फिरवीत ते सांगत होते, ‘हे नरसिंव्ह. हे किस्नदेव असन. हे म्हने कोनाले समजत नाही.’ एका दमात प्रत्यक्ष, अनुमान आणि ऐतिह्य! विद्यार्थिनींपैकी एकीने ते तिथल्या तिथे टिपून घेतले. हातातल्या विजेरीचे हे काम चांगले प्रकाशयंत्र शतपटीने करू शकेल, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. भिंतीवर चित्र न चढविता भिंतीचेच चित्र स्पष्ट करणे हा त्या यंत्राचा पहिला धर्म ठरावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रकाशालाही विध्यर्थ शिकविता येईल. अपुऱ्या शिखराची पूर्ती दाखवावयाची तर एकच भरीव, सोनेरी शिखर का उभे करावे? नुसत्या रेघेने एक आकार काढावा, तो विझवावा, दुसरा काढावा, तोही विझवावा, आणि मग देऊळ जसे आहे तसे काही क्षण उजळून ठेवावे. लहान मुलालाही यातला ‘असावे’ समजेल. निवेदनात एकाऐवजी तीन-चार आवाज घ्यावेत. शिल्पज्ञाचा आवाज वेगळा, भूगर्भशास्त्रज्ञाचा वेगळा, महानुभाव उपदेशकाचा वेगळा, आणि गावचा वेगळा. गावच्या आवाजाला गावची बोली द्यावी. आजवर अशा संहितांत वऱ्हाडी बोलली तर ती द्वारपालाने किंवा विनोदी सेवकाने. देवळाविषयी सर्वांत काळजीपूर्वक वाक्य मी वऱ्हाडीतच ऐकले, हे वर आलेच आहे.

सामान्य प्रेक्षकाला अशी कुंपणावरची वाक्ये नकोत, त्याला ठाम गोष्ट हवी, असा आक्षेप येईल. तो महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला लागू पडत नाही. शेकडो वर्षे हा प्रेक्षक कीर्तनाला बसत आला आहे. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त सांगतो, उत्तररंगात आख्यान लावतो, मध्येच थांबून ‘कोणी असेही सांगतात’ म्हणतो, आणि श्रोता यातले कोणते कोठे ठेवावयाचे ते जाणतो. शिवाय कीर्तनकार समोर उभा असतो, त्याला थांबवून विचारता येते. मेहकरकडे सांगतात की कंचनीने आपला महाल इतका उंच बांधावयास घेतला की त्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा, आणि देवीच्या कोपाने ते सारे शिळा होऊन राहिले. कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरचेच, त्यांच्या एका काव्यसंग्रहाचे नावही ‘कंचनीचा महाल’ असे आहे. पंचवीसेक किलोमीटरवरचा दिवा महालावरून दिसेल काय, असे ही कथा ऐकताना तिकडे कोणी विचारीत नाही, आणि कोणी ती इतिहास म्हणूनही सांगत नाही. ‘म्हणे’ने दोन्ही सांभाळले आहे.

विवराच्या आतील देवळांबद्दल वेगळे लिहिण्याचे कारण नाही. तो प्रदेश अभयारण्य आहे. तेथील रात्र वन्य प्राण्यांची आहे, आणि तेथे आवाज व उजेड नेऊ नये हे सांगण्यास भाषाशास्त्र लागत नाही.

दैत्यसूदनाविषयी मात्र एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. कार्यक्रम कधी होईल, होईल की नाही, हे कोणास ठाऊक. पण तो झालाच तर त्याची मराठी संहिता हिंदी किंवा इंग्रजी संहितेवरून उतरविली जाण्याचा संभव आहे, आणि त्या उतरवणीत ‘म्हणे’ प्रथम गळेल. त्यापूर्वी गावात आज ज्या कथा सांगितल्या जातात त्या सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याच्या ‘म्हने’सह, ‘असन’सह, जशाच्या तशा उतरवून घेतल्या पाहिजेत. विभागातील दोन विद्यार्थ्यांनी लोणारपासून आरंभ केला आहे. येत्या उन्हाळ्यात मेहकर व्हावे असा विचार आहे, आणि ज्या सहकाऱ्यांची त्या बाजूस घरे आहेत त्यांनी घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून कंचनीची कथा आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास दोन गावांतले पाठ ताडून पाहणे सोयीचे होईल.